क्रिस्टी मॅथ्यूसन : एका धंदेवाईक खेळाडूची इभ्रत

खेळ हौसेनें खेळावा कीं पोटासाठीं, हा वाद फार जुना आहे. इंग्लंडांत तर या वादानें खेळाडूंच्या दोन जातीच पाडल्या होत्या. क्रिकेटच्या मैदानावर 'जंटलमेन' म्हणजे हौशी आणि 'प्लेअर्स' म्हणजे पगारी अशी विभागणी असे. एकाच संघांतून खेळणारे हे दोन वर्ग पुष्कळ ठिकाणीं निरनिराळ्या खोल्यांत कपडे बदलीत आणि निरनिराळ्या दरवाजांनीं मैदानावर उतरत. या दोन वर्गांमधील सामना १८०६ सालीं सुरू झाला, आणि हा भेद रद्द होईपर्यंत, म्हणजे १९६२ सालापर्यंत, तो खेळला जात होता. पैशासाठीं खेळणाऱ्याची सचोटी पैशापुरतीच टिकते, अशी समजूत या व्यवस्थेच्या मुळाशीं होती.

अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकेंत अशा दोन दरवाजांची सोय नव्हती. तेथें बेसबॉल हा राष्ट्रीय खेळ; आणि १८६९ सालीं सिनसिनाटी शहरांत सर्वच्या सर्व खेळाडूंना उघडपणें पगार देणारा संघ निघाल्यापासून या खेळाची वरची पायरी हळूहळू धंदेवाईकांच्या हातीं गेली. पैशाबरोबर पैशाचे सोबतीही आले. सामन्यांवर पैजा लागूं लागल्या, आणि १८७७ सालीं लुइव्हिलच्या संघांतील चार खेळाडूंना सामने विकल्याच्या प्रकरणांत कायमचें बाहेर काढावें लागलें. शतक संपत आलें तेव्हां धंदेवाईक बेसबॉलपटूची समाजांतील पत बेताचीच होती. पंचांशीं हमरीतुमरी, दारू आणि शिवीगाळ हीं त्या मैदानावरचीं नेहमींचीं दृश्यें होतीं. चांगल्या हॉटेलांचे मालक अशा पाहुण्यांना खोली देण्यास कां कूं करीत. अशा या धंद्यांत एक महाविद्यालयीन तरुण शिरला, आणि पुढील पंधरा-सोळा वर्षांत त्यानें त्या धंद्याची पत जितकी वाढविली तितकी दुसऱ्या कोणा एकट्यानें क्वचितच वाढविली असेल. त्याचें नांव क्रिस्टोफर मॅथ्यूसन. लोक त्याला क्रिस्टी, मॅटी किंवा 'बिग सिक्स' म्हणत.

पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील फॅक्टरीव्हिल या लहानशा गांवीं १२ ऑगस्ट १८८० रोजीं त्याचा जन्म झाला. घरचें वातावरण धार्मिक होतें आणि मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी आईची इच्छा होती. गांवच्या कीस्टोन ॲकॅडमींतील शिक्षण संपवून तो १८९८ सालीं लुइसबर्ग येथील बकनेल विद्यापीठांत दाखल झाला. सहा फुटांहून उंच, भरदार खांद्यांचा, निळ्या डोळ्यांचा हा तरुण तेथें अल्पावधींतच पुढें आला. तो आपल्या वर्गाचा अध्यक्ष झाला. गायकमंडळांत तो गात असे, वाङ्मयमंडळांत भाग घेत असे, आणि अमेरिकन फुटबॉलमध्यें दूरवरून अचूक लाथ मारणारा म्हणून त्याची ख्याती होती. उन्हाळ्याच्या सुट्टींत मात्र तो पैसे घेऊन बेसबॉल खेळूं लागला. १८९९ सालीं मॅसॅच्युसेट्समधील टाँटन येथें आणि १९०० सालीं व्हर्जिनियांतील नॉर्फोक येथें तो पिचर म्हणून नोकरीस राहिला. नॉर्फोकसाठीं त्यानें वीस सामने जिंकले आणि अवघे दोन गमावले.

ज्यांनीं बेसबॉल पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं पिचरच्या कामाची थोडी कल्पना येथें दिली पाहिजे. क्रिकेटमधील गोलंदाजाप्रमाणें पिचर हा फलंदाजाकडे चेंडू टाकतो. परंतु दोघांच्या कामांत फरक मोठा आहे. पिचर धांवत येत नाहीं. फलंदाजापासून ६० फूट ६ इंचांवर एका जागीं उभा राहून तो चेंडू फेकतो, आणि तो चेंडू टप्पा न पडतां फलंदाजापर्यंत जातो. खेळपट्टीची मदत त्याला मुळींच नाहीं. जें वळण द्यावयाचें तें हवेंतच द्यावें लागतें. मैदानावर चार ठाण्यांचा, म्हणजे बेसेसचा, एक चौकोन असतो. फलंदाजानें चेंडू टोलवून या ठाण्यांना फेरी घालून परत यावयाचें. फेरी पुरी झाली कीं एक धांव होते. चेंडू तीनदां चुकला तर फलंदाज बाद. उलट पिचरनें चार चेंडू ठरलेल्या मर्यादेबाहेर टाकले तर फलंदाजाला पहिलें ठाणें फुकट मिळतें. तीन गडी बाद झाले कीं बाजू बदलते, आणि असे नऊ डाव होतात. गोलंदाजाला षट्क संपलें कीं विसावा मिळतो. पिचरला तो आपल्या संघाची फलंदाजी चालू असेपर्यंतच. त्या काळीं तर ज्यानें सामना सुरू केला त्यानेंच तो बहुधा शेवटास न्यावा, अशी रीत होती. म्हणूनच सामन्याचा जय किंवा पराजय त्या एका माणसाच्या नांवावर मांडला जातो.

१९०० सालच्या उन्हाळ्यांत 'न्यूयॉर्क जायंट्स' या संघानें दीड हजार डॉलर मोजून मॅथ्यूसनला नॉर्फोककडून घेतलें. पहिला अनुभव वाईट आला. तीन पराभव त्याच्या नांवावर लागले, विजय एकही नाहीं, आणि त्याला परत पाठविण्यांत आलें. मग सिनसिनाटीच्या संघानें अवघ्या शंभर डॉलरांत त्याच्यावर हक्क मिळविला आणि लगोलग त्याला पुन्हां न्यूयॉर्कला देऊन बदल्यांत एमस रूसी हा एके काळचा जबरदस्त पिचर घेतला. या सौद्याचा हिशेब पुढें असा झाला कीं, रूसीनें सिनसिनाटीसाठीं एकही सामना जिंकला नाहीं आणि मॅथ्यूसननें न्यूयॉर्कसाठीं ३७२ जिंकले.

याच सुमारास या तरुणाकडून एक घसरणही झाली. 'अमेरिकन लीग' ही नवी संघटना तेव्हां जुन्या 'नॅशनल लीग'चे खेळाडू आपल्याकडे ओढीत होती. त्या लीगमधील फिलाडेल्फियाचे कॉनी मॅक यांच्याशीं मॅथ्यूसननें करार केला आणि थोडी उचलही घेतली. परंतु न्यूयॉर्कच्या मालकानें डोळे वटारतांच तो करार मोडून परत आला. पुढें त्याच्या भक्तांनीं त्याचा जो संगमरवरी पुतळा केला त्यांत ही गोष्ट बसत नाहीं. तरी ती ध्यानांत ठेवणें बरें, कारण दिलेल्या शब्दाची किंमत या माणसाला पुढें जी कळली ती अनुभवानें कळली.

१९०१ सालीं त्यानें वीस सामने जिंकले. १९०२ च्या जुलैमध्यें जॉन मॅग्रॉ हा संघाचा व्यवस्थापक झाला आणि मॅथ्यूसनच्या आयुष्याला निश्चित दिशा लागली. आधींच्या व्यवस्थापकानें या पिचरला पहिल्या ठाण्यावर क्षेत्ररक्षणास उभें करण्याचा उद्योग चालविला होता. मॅग्रॉनें तो ताबडतोब बंद केला. दोघांचे स्वभाव पाहिले तर त्यांची मैत्री व्हावी हेंच नवल. मॅग्रॉ ठेंगणा, तापट, पंचांशीं हातघाईवर येणारा, तोंडाचा फटकळ आणि घोड्यांच्या शर्यतींचा शोकी. मॅथ्यूसन शांत, थोडासा अलिप्त, आणि आईला दिलेल्या वचनाप्रमाणें रविवारीं चेंडू हातांत न घेणारा. तरीही १९०३ सालीं जेन स्टाउटन हिच्याशीं मॅथ्यूसनचा विवाह झाल्यावर हीं दोन्ही जोडपीं न्यूयॉर्कमध्यें एकाच बिऱ्हाडांत राहूं लागलीं. मॅग्रॉला बुद्धिमान खेळाडूची पारख होती आणि मॅथ्यूसनला शिकण्याची हौस होती. १९०३ सालीं ३०, १९०४ सालीं ३३ आणि १९०५ सालीं ३१ असे त्याचे विजयांचे आंकडे आहेत.

त्याच्या यशाचें रहस्य नुसत्या वेगांत नव्हतें. उजव्या हाताच्या पिचरचा नेहमींचा वळणारा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर जातो. मॅथ्यूसन मनगट उलट्या बाजूस पिळून असा एक चेंडू टाकी कीं, तो संथपणें येऊन शेवटच्या क्षणीं खालीं उतरत त्या फलंदाजाच्या अंगाकडे वळे. डावऱ्या फलंदाजाला तर तो समोरून विरून गेल्यासारखा वाटे. म्हणूनच त्या चेंडूला 'फेडअवे' असें नांव पडलें. जवळजवळ त्याच वर्षांत इंग्लंडमध्यें बोझांकेट यानें क्रिकेटचा गुगली प्रचारांत आणला, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. दोन्ही ठिकाणीं हाताची हालचाल एक सांगते आणि चेंडू दुसरेंच करतो. या चेंडूनें दंडावर फार ताण पडत असल्यामुळें मॅथ्यूसन तो एका सामन्यांत मोजक्या वेळांच वापरी.

हा मोजकेपणा हाच त्याच्या खेळाचा आत्मा होता. प्रत्येक चेंडूवर सारी ताकद खर्च करणें त्याला मान्य नव्हतें. संघ आघाडीवर असतां तो फलंदाजांना मारूं देई, झेल उडूं देई, आणि ठाणीं भरून कठीण प्रसंग आला म्हणजे राखून ठेवलेलें बळ बाहेर काढी. १९१२ सालीं त्याच्या नांवावर प्रसिद्ध झालेल्या 'पिचिंग इन ए पिंच' या पुस्तकाच्या नांवांतच, आणीबाणीच्या वेळची चेंडूफेक, हें तत्त्व आलें आहे. त्याची अचूकता तर अजूनही थक्क करणारी आहे. १९१३ सालच्या संपूर्ण हंगामांत ३०६ डाव टाकून त्यानें फलंदाजांना पहिलें ठाणें फुकट दिलें तें अवघें २१ वेळां. कोणता फलंदाज कोणत्या चेंडूला फसतो हें तो विसरत नसे. चेकर्सच्या, म्हणजे सोंगट्यांच्या पाश्चात्त्य खेळांत तो एकाच वेळीं अनेक प्रतिस्पर्ध्यांशीं, तोही पट न पाहतां, खेळूं शके. तीच स्मरणशक्ति मैदानावर त्याच्या कामास येई.

या कलेचा कळस १९०५ च्या ऑक्टोबरांत दिसला. नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगांच्या विजेत्यांमध्यें दर वर्षाअखेर होणाऱ्या सामन्यांना 'वर्ल्ड सीरीज' म्हणजे जागतिक मालिका असें भारदस्त नांव आहे. त्या वर्षीं न्यूयॉर्कसमोर उभा होता तो कॉनी मॅक यांचाच फिलाडेल्फियाचा संघ, ज्यांचा करार मॅथ्यूसननें मोडला होता. ९ ऑक्टोबरला मॅथ्यूसननें त्या संघाला ३-० असें हरविलें; १२ तारखेस ९-० असें; आणि अवघ्या एका दिवसाच्या विश्रांतीनंतर १४ तारखेस २-० असें हरवून मालिका संपविली. सहा दिवसांत तीन संपूर्ण सामने, सत्तावीस डाव, आणि प्रतिपक्षाची धांव एकही नाहीं. अठरा फलंदाज तीन चुकांनीं बाद झाले आणि फुकट ठाणें एकालाच मिळालें. एका मालिकेंत असा पराक्रम त्यानंतर दुसऱ्या कोणत्याही पिचरला साधलेला नाहीं.

परंतु या खेळाडूविषयीं लोकांना जें प्रेम वाटलें तें केवळ विजयांमुळें नव्हतें. त्याच्या कारकीर्दींतील दोन पराभव त्याच्या विजयांइतकेच प्रसिद्ध आहेत, आणि दोन्हींत दुसऱ्याची चूक त्याच्या पदरीं पडली. १९०८ सालीं त्यानें ३७ सामने जिंकले. २३ सप्टेंबरला शिकागोविरुद्ध तोच पिचर होता. १-१ अशी बरोबरी असतां शेवटच्या डावांत न्यूयॉर्कच्या एका फटक्यावर तिसऱ्या ठाण्यावरील गडी घरीं आला आणि सामना जिंकला असें समजून हजारों प्रेक्षक मैदानांत उतरले. पहिल्या ठाण्यावरचा फ्रेड मर्कल हा एकोणीस वर्षांचा पोरगा दुसऱ्या ठाण्याला हात-पाय न लावतांच तंबूकडे वळला. शिकागोच्या जॉनी एव्हर्सनें चेंडू मागवून दुसऱ्या ठाण्यावर पाय ठेवला आणि पंच हँक ओडे यांनीं मर्कलला बाद ठरविलें. धांव रद्द झाली, सामना बरोबरींत सुटला, आणि हंगामाअखेर दोन्ही संघ समान ठरल्यामुळें ८ ऑक्टोबरला तो पुन्हां खेळावा लागला. त्या वर्षीं ३९० डाव टाकून दमलेला मॅथ्यूसन त्या दिवशीं शिकागोच्या मॉर्डेकाय ब्राउनकडून ४-२ असा हरला. लहानपणीं शेतीच्या यंत्रांत उजवा हात सांपडून ब्राउनचीं बोटें चिरडलीं होतीं, आणि त्या विद्रूप पंजानेंच त्याचा चेंडू विलक्षण वळत असे.

दुसरा प्रसंग १९१२ सालच्या जागतिक मालिकेचा. बोस्टनविरुद्ध मॅथ्यूसननें तीन सामने संपूर्ण टाकले. एक अनिर्णित राहिला, एक २-१ असा गेला, आणि निर्णायक सामना दहाव्या, जादा डावांत पोंचला. न्यूयॉर्क एका धांवेनें पुढें होतें. फ्रेड स्नॉडग्रासच्या हातीं एक सोपा झेल आला आणि निसटला. थोड्याच वेळानें ट्रिस स्पीकरचा एक उंच उडालेला चेंडू मर्कल, यष्टिरक्षकाच्या जागीं असलेला मायर्स आणि स्वतः मॅथ्यूसन या तिघांच्या मधोमध जमिनीवर पडला. जीवदान मिळालेल्या स्पीकरनें पुढच्याच क्षणीं बरोबरी साधली आणि बोस्टननें सामना ३-२ असा जिंकला. मॅग्रॉसारख्या तापट माणसानेंही मर्कल व स्नॉडग्रास या दोघांना पुढें संघांत ठेवलें. त्या संघांत जिंकण्याची भूक जबर होती. परंतु चुकलेल्या माणसाला बळी देण्याची रीत तेथें नव्हती.

लौकिक वाढला तसा पैसाही आला. मालाच्या जाहिरातींत मॅथ्यूसनचें चित्र छापूं लागले; मुलांसाठीं कादंबऱ्या त्याच्या नांवावर निघाल्या. तीं पुस्तकें आणि वृत्तपत्रांतील लेख बहुतांशीं जॉन व्हीलर नांवाचा पत्रकार लिही. या उसन्या लेखणीनें १९११ सालीं त्याची चांगलीच फजिती केली. जागतिक मालिकेंत फिलाडेल्फियाच्या फ्रँक बेकरनें रूब मार्क्वार्डचा चेंडू मैदानापलीकडे टोलविला. दुसऱ्या दिवशीं मॅथ्यूसनच्या नांवानें छापलेल्या लेखांत, मार्क्वार्डनें बेकरला चुकीचा चेंडू टाकला, अशी टीका आली; आणि त्याच दिवशीं नवव्या डावांत बेकरनें मॅथ्यूसनचाही चेंडू तसाच भिरकावून दिला. सारी अमेरिका हंसली. मॅथ्यूसन पत्ते खेळे, पैजाही लावी. तो साधुसंत नव्हता. मात्र ज्या सामन्याचे पैसे तो घेई तो सामना जिंकण्यासाठींच खेळला जाणार, याबद्दल मैदानांतील एकाही माणसाला शंका नसे. हॉटेलांचे दरवाजे ज्या धंद्याला बंद होते त्यांत आपला मुलगा जावा असें आतां मध्यमवर्गीय आईबापांना वाटूं लागलें, तें या विश्वासामुळें.

या गौरवाला एक काळी किनारही होती. त्या काळच्या मोठ्या लीगांत कृष्णवर्णी खेळाडूंना प्रवेश नव्हता. रूब फॉस्टर या श्रेष्ठ कृष्णवर्णी पिचरनें मॅथ्यूसनला फेडअवे शिकविला अशी आख्यायिका सांगतात. तिला आधार नाहीं. परंतु अशी आख्यायिका रूढ व्हावी यावरूनच दाराबाहेर किती गुणवत्ता उभी होती हें कळतें. हा अन्याय १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सनच्या पदार्पणानें मोडूं लागला.

१९१४ नंतर मॅथ्यूसनचा हात थकला. २० जुलै १९१६ रोजीं मॅग्रॉनें त्याला सिनसिनाटीकडे जाऊं दिलें, तें त्याला तेथें व्यवस्थापक होतां यावें म्हणून. ४ सप्टेंबरला त्यानें शेवटचा सामना टाकला, आणि समोर होता तोच मॉर्डेकाय ब्राउन. दोघेही म्हातारे वाघ. सिनसिनाटीनें १०-८ असा विजय मिळविला. हा मॅथ्यूसनचा ३७३ वा विजय. पुढें ग्रोव्हर अलेक्झांडर यानें हा आंकडा ओलांडल्याचें समाधान मानलें होतें. परंतु जुन्या नोंदी तपासतां मॅथ्यूसनचा एक विजय मोजावयाचा राहिल्याचें आढळलें, आणि नॅशनल लीगच्या इतिहासांत दोघेही ३७३ वर बरोबरीनें उभे राहिले.

यापुढची हकीकत खेळाची कमी आणि सचोटीची अधिक आहे. सिनसिनाटीच्या संघांत हॅल चेस नांवाचा पहिल्या ठाण्याचा खेळाडू होता. त्याच्याइतका चपळ क्षेत्ररक्षक त्या काळीं दुसरा नव्हता असें जाणकार म्हणत, आणि तो सामने विकतो अशी कुजबुज तो जाईल त्या शहरांत असे. त्याच्या हातून अगदीं नेमक्या वेळीं चेंडू निसटतात हें मॅथ्यूसनच्या नजरेंत आलें. चेसनें इतरांना पैशाचें आमिष दाखविल्याच्या तक्रारीही त्याच्या कानांवर आल्या. १९१८ च्या ऑगस्टमध्यें त्यानें चेसला संघांतून निलंबित केलें. स्वतःच्या संघाचें नुकसान करून, स्वतःच्या उत्तम खेळाडूवर, व्यवस्थापकानें असा उघड आरोप ठेवणें ही त्या धंद्यांत विरळा गोष्ट होती.

याच वेळीं महायुद्धानें त्याला बोलाविलें. विषारी वायूंच्या युद्धासाठीं काढलेल्या दलांत तो कॅप्टन म्हणून फ्रान्सला गेला. टाय कॉब आणि ब्रँच रिकी हे बेसबॉलचे मोठे पुरुषही त्याच दलांत होते. सैनिकांना वायूचा इशारा मिळतांच मुखवटे चढविण्याची तालीम दिली जात असे. अशा एका तालमींत इशारा वेळेवर न कळल्यामुळें मॅथ्यूसनच्या फुप्फुसांत वायु गेला, असें कॉबनें १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत सांगितलें आहे. अभ्यासकांत या हकीकतीविषयीं एकमत नाहीं. त्याला त्या प्रवासांत इन्फ्लुएंझा झाला होता, आणि धाकटा भाऊ हेन्री १९१७ सालींच क्षयानें वारला होता. कारण कोणतेंही असो, फ्रान्सहून परत आलेल्या मॅथ्यूसनची प्रकृति पूर्वीची राहिली नव्हती.

तो समुद्रापलीकडे असतांनाच, ३० जानेवारी १९१९ रोजीं, नॅशनल लीगचे अध्यक्ष जॉन हेडलर यांच्यासमोर चेसची चौकशी झाली. मुख्य साक्षीदार गैरहजर. पुरावा अपुरा ठरला आणि चेस निर्दोष सुटला. त्याहून विलक्षण गोष्ट पुढें घडली. चेसला लगेच नोकरी दिली ती जॉन मॅग्रॉनें, मॅथ्यूसनच्या जिवलग मित्रानें. आणि मॅथ्यूसन परत येऊन मॅग्रॉचा साहाय्यक म्हणून न्यूयॉर्कच्या संघांत रुजू झाला तेव्हां ज्याला आपण अप्रामाणिक म्हणून दूर केलें तोच माणूस त्याला रोज त्याच मैदानावर दिसूं लागला. एका माणसानें आपलें वजन सत्याच्या पारड्यांत टाकलें होतें. परंतु धंद्याच्या चालकांना तें पारडें जड होणें सोयीचें नव्हतें. चेस त्या हंगामानंतर मोठ्या लीगांत पुन्हां खेळला नाहीं, पण चालकांच्या डोळेझांकीचें फळ त्यापूर्वींच पिकलें होतें.

१९१९ च्या ऑक्टोबरांत सिनसिनाटी आणि शिकागोचा 'व्हाइट सॉक्स' यांची जागतिक मालिका झाली. शिकागोचा संघ बलाढ्य मानला जात होता, तरी पैजांचा ओघ एकाएकीं सिनसिनाटीकडे वळला. वृत्तपत्रासाठीं मालिकेवर लिहावयास आलेला मॅथ्यूसन वार्ताहरांच्या कक्षांत ह्यू फुलर्टन या शिकागोच्या पत्रकाराशेजारीं बसला. हेतुपुरस्सर केलेली चूक आणि खरी चूक यांतील फरक ओळखणारा असा दुसरा डोळा अमेरिकेंत नव्हता. जो खेळ संशयास्पद वाटे त्याची दोघे मिळून नोंद करीत. सिनसिनाटीनें मालिका ५-३ अशी जिंकली. फुलर्टननें पुढें लेख लिहिले तेव्हां त्याची टर उडविण्यांत आली. परंतु १९२० च्या सप्टेंबरांत प्रकरण फुटलें आणि शिकागोच्या आठ खेळाडूंवर आरोप ठेवले गेले. १९२१ च्या ऑगस्टमध्यें न्यायालयानें त्यांना सोडलें. तरीही बेसबॉलचे नवे आयुक्त न्यायमूर्ति लँडिस यांनीं आठहीजणांना जन्मभर खेळांतून बाहेर काढलें. चेसचें नांवही या कटांत आलें होतें. १९१८ सालीं मॅथ्यूसनचें ऐकलें असतें तर हा कलंक टळता असें ठामपणें म्हणतां येणार नाहीं. पण सामने विकणाऱ्यांना, आपलें कोणी कांहीं करीत नाहीं, हें जें धैर्य आलें तें अशाच सुटकांतून आलें, यांत संशय नाहीं.

तोंवर मॅथ्यूसन स्वतःच्या आजाराशीं झगडत होता. १९२० सालीं त्याला क्षय झाल्याचें निश्चित झालें आणि न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस, डोंगरांतील सारानाक लेक या गांवीं त्याला नेण्यांत आलें. डॉक्टर ट्रूडो यांच्या कार्यामुळें हें गांव क्षयरोग्यांचें तीर्थक्षेत्रच झालें होतें. त्या काळीं क्षयावर औषध नव्हतें. संपूर्ण विश्रांति, थंड मोकळी हवा आणि धीर हेंच औषध. ज्यानें आयुष्यभर बळ राखून वापरण्याची विद्या अभ्यासली होती त्याला ती आतां अंथरुणावर कामास आली. त्याच्या मदतीसाठीं १९२१ सालीं न्यूयॉर्कला खास सामना खेळण्यांत आला. तो इतका सुधारला कीं १९२३ सालीं बोस्टनच्या 'ब्रेव्हज' संघाचें अध्यक्षपद त्यानें पत्करलें. डॉक्टरांच्या दृष्टीनें तें साहस होतें, आणि तें महागांत पडलें. ७ ऑक्टोबर १९२५ रोजीं, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, सारानाक लेक येथें त्याचा अंत झाला.

त्याच दिवशीं पिट्सबर्ग येथें त्या वर्षाच्या जागतिक मालिकेचा पहिला सामना झाला होता. दुसऱ्या दिवशीं दोन्ही संघांचे खेळाडू दंडावर काळ्या फिती बांधून मैदानांत उतरले आणि ध्वज अर्ध्यावर आणण्यांत आला. लुइसबर्ग येथें, ज्या विद्यापीठांत त्याची तरुणाई गेली त्याच्या शेजारीं, त्याला मूठमाती देण्यांत आली. १९३६ सालीं बेसबॉलच्या 'कीर्तिमंदिरा'साठीं पहिल्या पांच खेळाडूंची निवड झाली : टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, वॉल्टर जॉन्सन आणि क्रिस्टी मॅथ्यूसन. पांचांपैकीं तोच एकटा तेव्हां हयात नव्हता.

पैसे घेऊन खेळणारा माणूस प्रामाणिक असूं शकतो काय, या प्रश्नाला मॅथ्यूसनच्या सोळा-सतरा हंगामांनीं निःसंशय उत्तर दिलें. हौशी आणि पगारी यांचे दरवाजे वेगळे करणाऱ्यांची समजूत त्यानें खोटी पाडली. परंतु त्याच्या चरित्राचा उत्तरार्ध दुसरीही गोष्ट सांगतो. एका थोर खेळाडूच्या इभ्रतीवर सबंध धंदा कांहीं काळ मिरवूं शकतो. मात्र त्यानें बोट दाखवून सांगितलेला दोष पाहण्याची चालकांची तयारी नसेल, तर ती इभ्रत धंद्याचें रक्षण करूं शकत नाहीं. १९०५ च्या सत्तावीस निर्मळ डावांबरोबर वार्ताहरांच्या कक्षांतील ती नोंदही मॅथ्यूसनच्या खात्यावर मांडली पाहिजे. ती करतांना त्याला मानधन किंवा टाळ्या यांपैकीं कशाचीच अपेक्षा नव्हती.